एउलालिओची हजेरी

पगार उचलून कामावर न फिरकणारी माणसं झुनिल्दा ओवेलारने पुष्कळ पकडली होती. एका मंत्र्याची मेहुणी, एका खासदाराचा माळी, आणि एका संचालकाची तर चक्क अंथरुणाला खिळलेली आत्या. राजधानीत, आसुन्सिओनच्या मंत्रालयात बसून सरकारी पगार आणि माणसं यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणं, हे तिचं काम. त्यावरून तिला नाव पडलं होतं ‘भुतांची बाई’. भूत म्हणजे कागदावर जिवंत आणि खुर्चीतून गायब.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी मात्र तिच्यासमोर उलटं भूत आलं. हा माणूस रोज कामावर येत होता, पण पगार उचलत नव्हता.

एउलालिओ इन्सफ्रान. ब्राझीलच्या हद्दीवर, पुएर्तो ताकुआराच्या धक्क्यावर दोर ओढणारा. पडून राहिलेल्या खात्यांची माहिती बँकेने पाठवली, त्यात तो सापडला. जूनपासून त्याच्या खात्यातला एक ग्वारानीही हलला नव्हता. हजेरी मात्र चोख, रोज पहाटे, सगळ्यांच्या आधी, बोटाच्या मशीनवर. जूननंतर खाडा फक्त एक, तोही ऑगस्टच्या पहिल्या तारखेचा.

चोर चोरी करतो ती पैशासाठी. पैसाच घ्यायचा नसेल तर चोरी कशाची? तिने त्याच्या घरचा फोन लावला. एका बाईने उचलला.

"मंत्रालयातून बोलतेय, पगार विभाग. एउलालिओ इन्सफ्रान आहेत का?"

मग बाई हळूच म्हणाली, "तुम्हाला कुठे दिसला तो?"

"अहो, मीच विचारतेय."

"मी त्याची बायको, लिदुविना. जूनच्या पुरात गेला तो. प्रेत नाही, निरोप नाही, काही नाही. गावातले म्हणतात, पलीकडच्या कुठल्या बाईबरोबर पळाला. मी म्हणते, नदीने नेला. पण मग ते मशीन..."

"मशीनचं काय?"

"रोज पहाटे त्याचं नाव घेतं ते, सेन्योरा. मी माझ्या कानांनी ऐकते. तुम्ही सरकारची माणसं. मला एवढंच सांगा, तो मेलाय का मला सोडून गेलाय?"

‘मी येते,’ एवढंच म्हणून झुनिल्दाने फोन ठेवला. तिचा थोरला भाऊ बांधकामावर म्हणून बुएनोस आयरेसला गेला, तो पुन्हा दिसला नाही. आई मरेपर्यंत दाराला आतून कडी लावत नसे. त्या उघड्या दारातून घरात शिरणारा गारठा झुनिल्दाच्या अंगात अजून होता. तिने मंत्रालयात कोणालाही न कळवता त्याच रात्रीची बस धरली.

*

बसने तिला धक्क्यापाशी सोडलं तेव्हा नुकतं फटफटत होतं. नदीवर धुकं होतं. बंदर कचेरीच्या खिडकीखाली चिपाची, म्हणजे चीजच्या पावांची, टोपली घेऊन एक बारीक बाई बसली होती. गरम चीजचा वास आला आणि झुनिल्दाला भूक लागली.

"फोनवाल्या तुम्हीच ना?" बाईने तिचे शहरी बूट पाहून विचारलं. "बसा इथे. आता बोलेल."

दोघी भिंतीला टेकून बसल्या. समोर लोखंडी तराफा पाण्यावर डुलत होता. या तीरापासून त्या तीरापर्यंत ताणलेली त्याची पोलादी केबल कोरी करकरीत होती. ती ज्या खांबांना बांधली होती, ते मात्र गंजून गेले होते.

आत पावलं वाजली. मग टिक झालं, आणि मशीनमधल्या बाईचा गोड, थंड आवाज आभार मानत धुक्यात आला.

"ग्रासियास. इन्सफ्रान, एउलालिओ."

लिदुविनाने छातीवर क्रूसाची खूण केली. पुढच्या क्षणाला झुनिल्दा धावत दारात पोचली होती.

दारालगत भिंतीवर मशीन, त्याचा हिरवा दिवा अजून लागलेला. आत दोनच माणसं होती. खुर्चीत बंदराचे प्रमुख अनसेल्मो ब्रिसुएला, गोरे, गुबगुबीत, हातात माते चहाचा पेला. मागच्या दारात डिझेलचा डबा घेतलेला मोटरबोटवाला रुफिनो, तिशीचा, हाडकुळा. तिसरी तिकीटवाली मुलगी नऊनंतर उगवते, असं नंतर कळलं.

"आत्ता हजेरी कोणी लावली?" झुनिल्दाने धापा टाकत विचारलं.

रुफिनोने डबा खाली ठेवला आणि प्रमुखांकडे पाहिलं. ब्रिसुएला मात्र शांतपणे उठले.

"या, या, ओवेलारबाई! ओळखलं नाहीत? ऑगस्टच्या पहिल्या तारखेला मंत्रालयात आलो होतो की मी. सगळ्यांना कारुलिं पाजली. तुमच्या टेबलावरही घोटभर ठेवली होती."

तिला आठवलं. ऑगस्टमध्ये मरण फिरत असतं, म्हणून महिन्याच्या पहिल्याच सकाळी उपाशीपोटी तीन घोट घ्यायचे. उसाची दारू, सताप आणि लिंबू. तिने तेव्हा नाक मुरडून दोनच घोट घेतले होते.

"कराई अनसेल्मो, हजेरी कोणी लावली?"

ते आदराचं ‘कराई’ ऐकून ते जरा सुखावले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "काय सांगू? मीसुद्धा रोज ऐकतो. मान वळवून बघतो तर कोणी नसतं."

"एउलालिओ कुठे आहे?"

"पळाला. पुराच्या गडबडीत, पलीकडे. बाईचा नाद."

"तुम्ही पाहिलं?"

"गाव म्हणतं."

"गावाला कोणी सांगितलं?"

ते हसले. "गावाला सांगावं लागतं का?"

"मग तो पळाल्याचं मंत्रालयाला का नाही कळवलंत?"

"दया आली हो. कळवलं असतं तर पगार बंद. म्हटलं, मशीन आपोआप बोलतंय तर बोलू दे. बिचाऱ्या लिदुविनाला चार पैसे मिळतील. डिसेंबरात मी निवृत्त होतोय. जाता जाता कोणाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

"तुम्ही मशीनवर बोट लावता का?"

"मी?" ते पोट हलवत हसले. "साहेबाला हजेरी कोण विचारतो? त्यात माझं नावच नाही. सरकारने एवढं एकच सुख दिलंय."

झुनिल्दा रुफिनोकडे वळली. "केबल कधी बदलली?"

"जुलैत," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी," ब्रिसुएला त्याच दमात म्हणाले, आणि मग सावरून घेतलं. "याला काय कळतंय? कंत्राटी माणूस. याला आजचा वार विचारा, तोही चुकेल."

रुफिनो मान खाली घालून डबा उचलून गेला. ब्रिसुएला झुनिल्दाजवळ सरकले.

"खरं सांगू? बाहेर बसलीय ना, तिचंच बोट असणार. बायका नवऱ्याच्या नावावर आपलं बोट घुसवतात. पहाटे ही इथेच, मशीन दारालगत. आत हात घातला की काम झालं. बाकी तुम्ही शहाण्या आहात."

*

मशीन बोललं तेव्हा लिदुविना आपल्या शेजारीच बसली होती, हे झुनिल्दाला माहीत होतं. तरी खातरजमा म्हणून तिने लिदुविनाला आत बोलावलं. बाईने झग्याला हात पुसले आणि दहाही बोटं एकेक करून मशीनवर ठेवली. दहाही वेळा लाल दिवा लागला. मशीन तिला ओळखतच नव्हतं.

"माझ्यावर संशय होता?" लिदुविनाने विचारलं. राग नव्हता, फक्त थकवा होता.

"सगळ्यांवर आहे. राग मानू नका. नवऱ्याचा पगार बँकेत पडून आहे, हे माहीत होतं तुम्हाला?"

"कसला पगार? कार्ड त्याच्या खिशात होतं. कराई अनसेल्मो म्हणाले, पळून गेलेल्याला कोण पगार देतं? मी चिपावर दिवस काढतेय."

दयेचा पाझर फुटलेल्या साहेबांनी पाच महिने ही दया पोटातच ठेवली होती तर.

दोघी नदीकाठाने चालू लागल्या. लिदुविना नवऱ्याबद्दल बोलत राहिली. इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं.

"हात म्हणजे लाकूड झालं होतं त्याचं. ऊन-पावसात वीस वर्षं दोर ओढला. भट्टीतला चिपा उघड्या हाताने काढायचा, मी ओरडायची. ओळखपत्र काढायला गेलो तर बोटाच्या शाईचा नुसता डाग उठायचा. तिथला कारकून म्हणाला, तात्या, बोटं घरी विसरलात का? हा इतका लाजला. परत येताना रस्ताभर खिशात हात घालून बसला होता."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. झुनिल्दाने तिचा खांदा धरला.

वळणावर, जिथे पूर ओसरताना पाणवेलींचं गचपण अडकतं, तिथे एक लाकडी क्रूस उभा होता. त्यावर पांढरं कापड टाकलेलं, काठाला कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक विणलेली जाळी. नाव कोणाचंच नव्हतं. आडवं लाकूड तारेने बांधलेलं होतं. झुनिल्दा वाकली. ती साधी तार नव्हती. जाड पोलादी केबलचा एक पदर सोडवून घेतलेला होता, पार गंजलेला.

"हा कोणाचा?"

"कोणी सांगत नाही. पूर ओसरला तेव्हा उगवला."

"कापड नवं दिसतंय."

"मृतांच्या दिवशी बदललं कोणीतरी. मी पाहिलं, आणि मला वाटलं, मीच बदलायला हवं होतं का? पण नाव नसताना कोणासाठी मेणबत्ती लावू? माझा जिवंत असेल तर अपशकुन नाही का?" लिदुविना क्रूसाकडे न पाहता म्हणाली. "नऊ दिवसांची प्रार्थनासुद्धा घालता येत नाही मला. मेलेल्याची घालतात. सोडून गेलेल्याची काय घालतात, सेन्योरा?"

या देशात माणूस जिथे मरतो तिथे क्रूस लावतात, आणि न लावणाऱ्याला झोप लागत नाही, हे झुनिल्दाला माहीत होतं. या गावात कोणाला तरी झोप लागत नव्हती.

ती तडक गावात गेली. अशी जाळी कोण विणतं, हे पहिल्याच दुकानदाराने सांगितलं. रुफिनोची आई. मग तिने ठाण्यात जाऊन फौजदाराला बरोबर घेतलं.

*

दुपारी कचेरीत सगळे जमले. ब्रिसुएलांनी तेरेरेसाठी, थंड मातेसाठी, बर्फ मागवला होता, पण कोणी प्यायला तयार नव्हतं. लिदुविना दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सापडलं का भूत?" ब्रिसुएलांनी विचारलं.

"सापडलं," झुनिल्दा म्हणाली. "मी बारा वर्षं भुतांमध्येच काढली. भुतांना पगार लागतो, तोही वेळेवर. या भुताने पैशाला हात लावला नाही. म्हणजे कोणालातरी एउलालिओचा पगार नको होता, फक्त तो जिवंत असायला हवा होता. कागदावर."

"पण बोट त्याचं होतं ना? मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन खरं बोलतं. नाव खोटं आहे. दोर ओढणाऱ्यांची, विटा उचलणाऱ्यांची, धुणी धुणाऱ्या बायकांची बोटं मशीनला वाचता येत नाहीत. रेषाच उरत नाहीत. मशीन बसवायला आमचीच माणसं येतात. ठरल्या दिवसात सगळ्यांची नोंद झाली पाहिजे, असा वरून धोशा असतो. मग ती म्हणतात, कोणाचंही चालणारं बोट द्या आणि मोकळे व्हा. देशभर चालतं हे. एउलालिओच्या शाईचाही नुसता डाग उठायचा. त्याच्या नावावर त्याचं बोट कधी नव्हतंच."

फौजदाराने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "मग कोणाचं?"

"हे मशीन एक बोट दोन नावांना देत नाही. रुफिनोचं बोट रुफिनोच्या नावावर आहे, तिकीटवालीचं तिच्या. त्यांची उसनी देण्याची सोयच नाही. बायकोचं तपासलं, मशीनला ती माहीत नाही. या कचेरीत मोकळी बोटं एकाच माणसाकडे होती, कारण साहेबाला हजेरी कोण विचारतो?"

ब्रिसुएलांचा हात खिशात गेला.

"एउलालिओने जूननंतर एकच दिवस खाडा केला," झुनिल्दा पुढे म्हणाली. "ऑगस्टची पहिली तारीख. त्या सकाळी ते बोट आसुन्सिओनला माझ्या टेबलावर कारुलिंचा पेला ठेवत होतं. तुम्हीच आठवण करून दिलीत, कराई."

"ही थट्टा आहे," ब्रिसुएला फौजदाराकडे वळले. "ही बाई आकडे बघणारी. हिला काय अधिकार?"

"काही नाही," झुनिल्दा म्हणाली. "बोट लावा, आणि मला खोटं पाडा. मी सगळ्यांसमोर माफी मागेन."

ब्रिसुएलांनी हात खिशातच ठेवला. शेवटी फौजदारानेच त्यांचा हात धरून खिशातून काढला. मऊ, पांढरा हात. तर्जनी मशीनवर टेकली.

"ग्रासियास. इन्सफ्रान, एउलालिओ."

दारात लिदुविनाच्या तोंडून हुंदका फुटला. खुर्ची मागे पडली. ती रुफिनोची होती.

"पुरे!" तो ओरडला. "पुरे झालं आता! रोज पहाटे तेच ऐकायचं. मला वेड लागेल."

"केबल तुटली ना?" झुनिल्दाने मऊपणाने विचारलं. "मी मंत्रालयात फोन करून विचारलं, नव्या केबलचं बिल गेल्या वर्षीच मंजूर झालं. केबल आली जुलैत, माणूस गेल्यावर. जुनीचा पदर तू क्रूसाला बांधलास, आईच्या हातचं कापड घातलंस."

रुफिनो बोलला तो लिदुविनाकडे बघून. "व्यापाऱ्याचा गुरांचा ट्रक पलीकडे न्यायचा होता. पाणी चढलेलं. एउलालिओ म्हणाला, केबलचे पदर सुटलेत, नाही नेणार. तर साहेब म्हणाले, ‘नको नेऊ. उद्यापासून तुझी हजेरी लागणार नाही. तुझी हजेरी माझ्या बोटात आहे, विसरलास?’ मग तो तराफा सोडायला गेला, तिया, आणि केबल तुटून पाण्यात पडला."

गावात थोरल्या बाईला ‘तिया’च म्हणतात, आत्या. पण लिदुविनाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो भिंतीला टेकला.

"तिसऱ्या दिवशी पाणवेलीत सापडला. साहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर कंत्राट संपलं, गप्प बसलास तर कायम करतो. आम्ही दोघांनीच पुरला. तिथेच, क्रूसाखाली. तो कोणाबरोबर पळाला नाही. तराफ्यावर जाताना म्हणाला, लिदुविनाला सांग, चिपा झाकून ठेव, उशीर होईल."

ब्रिसुएला खाली बसले. एकदम म्हातारे दिसू लागले. "सुरुवातीला उपकारच केला होता मी," ते पुटपुटले. "बोटाशिवाय त्याची नोकरी गेली असती. मीच म्हटलं, घे माझं. विचारा त्याला."

विचारायचं कोणाला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गप्प झाले. अपघात कळवला असता तर केबलच्या बिलाचे खाल्लेले पैसे उघडे पडले असते. गैरहजेरी दाखवली असती तर चौकशी आली असती. राजीनाम्याला सही लागते. डिसेंबरपर्यंत मेलेल्याला कामावर आणत राहणं, एवढाच मार्ग उरला होता. उपकार करणारं बोट गळफास कधी झालं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. झुनिल्दाला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

फौजदार त्यांना घेऊन गेला.

*

माती उकरून ओळख पटवेपर्यंत आणि कागद होईपर्यंत झुनिल्दा गावातच राहिली. निघायच्या पहाटे तिने मशीन उघडलं आणि एउलालिओच्या नावापुढे ‘मृत, कामावर असताना’ असं लिहिलं. त्या शेवटच्या दोन शब्दांनी लिदुविनाला निवृत्तिवेतन मिळणार होतं. तिने बटण दाबलं. मग नाव गेलं. मशीन भिंतीवर मुकाट राहिलं.

बाहेर लिदुविनाची टोपली नेहमीपेक्षा मोठी होती, आणि बाई काळ्या कपड्यात होती. धक्क्यावर माणसं जमली होती. ती प्रत्येकाच्या हातावर गरम चिपा ठेवत होती.

झुनिल्दाने पर्स उघडली.

"ठेवा ते," लिदुविना म्हणाली. "आज पैसे नाहीत. आज प्रार्थनेचा पहिला दिवस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्वच्छ होता. "माझा नवरा वारलाय, सेन्योरा. मला सोडून नाही गेला."

रांगेच्या शेवटी रुफिनो उभा होता. जवळ यायचं धाडस त्याला होत नव्हतं. लिदुविनाने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं नाही. टोपलीत एकच चिपा उरला होता. तो तिने फडक्यात झाकून घेतला आणि वळणावरच्या क्रूसाकडे निघाली. चार पावलं जाऊन थांबली, मागे न वळताच फडकं उघडलं, चिपा मधोमध मोडला आणि अर्धा तुकडा मागे धरला.

रुफिनो तिच्याकडे धावत गेला.

झुनिल्दाची बस आली. तिने खिडकीची काच लावून घेतली, बाहेर गारठा नव्हता तरीही. आसुन्सिओनला पोचल्यावर बुएनोस आयरेसच्या वकिलातीला फोन करायचा, भावाचं नाव सांगायचं आणि तो आहे की गेला ते विचारायचं, हे तिने तिथेच ठरवलं.